काटोलला समुद्री मासे पाळायचे तर आधी यादी, मग मासा

मुंबईत एखाद्याने चुकीचा समुद्री मासा घेतला, तर दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून दुकानात नेता येतो. दुकानदार निम्म्या किमतीत का होईना, परत घेतो. निदान दुसरा मासा बदलून देतो. काटोलला ही सोय नाही. सरळ रेषेत मोजले तरी समुद्र इथून सहाशे किलोमीटरच्या आसपास पडतो. समुद्री मासे ठेवणारी थोडीबहुत दुकाने नागपूरला, तीही साठ किलोमीटरवर. टाकीतला एक दांडगट बाकीच्यांचे पर फाडू लागला, तर त्याला न्यायचे कुठे? जाम नदीत सोडू म्हणाल, तर खाऱ्या पाण्यातला मासा गोड्या पाण्यात जगत नाही. त्यामुळे आपल्याकडे आलेला मासा आपल्याकडेच राहतो, आणि त्याच्याबरोबर चुकीची निवडही राहते.

म्हणून काटोल, नरखेड, सावनेर या भागात मोठी खाऱ्या पाण्याची टाकी बसवायला निघालेल्यांना माझे पहिले सांगणे असे की, पहिला मासा विकत घेण्याआधी शेवटचा मासा कोणता येणार हे कागदावर लिहून ठेवा. दुकानात गेल्यावर रंग पाहून ठरवू म्हणणाऱ्याची टाकी वर्षभरात रिकामी होते, किंवा तिच्यात एकच मासा उरतो.

मोठी टाकी म्हणजे केवढी, तेही आधी ठरवू. या लेखात मी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी धरतो. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे अशी टाकी काठोकाठ ६८० लिटरची. खडक आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी ६०० लिटरच्या आसपास उरते. पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून वजन पाऊण टनाच्या पुढे जाते, म्हणून ती तळमजल्यावरच ठेवावी. चार फूट लांब आणि तीन फूट उंच अशी टाकी दिवाणखान्यात जास्त दिमाखदार दिसते आणि काचवाले तीच सुचवतात, पण ती घेऊ नका. समुद्री मासा आडवा पोहतो, उभा नाही. त्याला लांबी हवी. शिवाय पाण्यात प्राणवायू मिसळतो तो पृष्ठभागातून. उंच टाकीत पाणी वाढते, पृष्ठभाग वाढत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण माशांची निवड त्यावरच उभी आहे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ लागते, म्हणजे ६०० लिटरला एकवीस किलो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, सागरी मत्स्यालयांसाठीचे तयार मिश्रणच घ्यावे लागते. बोअरचे पाणी तसेच वापरू नये. आपल्याकडचे पाणी जड असते, आणि संत्र्याच्या बागांना पडणाऱ्या खतांमुळे त्यात नायट्रेटही असू शकते. आरओचे पाणी घ्या, टीडीएस मीटरने तपासा, आणि आरओतून वाया जाणारे पाणी अंगण धुवायला ठेवा. या तालुक्यात पाण्याची किंमत कोणी कोणाला शिकवायला नको. मीठ घातलेली टाकी महिना-दीड महिना माशांविना चालू द्या. त्या काळात जिवाणू वाढतात, आणि तेच पुढे माशांच्या मलमूत्रातल्या अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. चाचणी-किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत दुकानाची पायरी चढू नका.

दुकानात गेल्यावर पहिला मोह लहान पिल्लांचा होतो. दोन इंचांचा, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला पँथर ग्रुपर पाहून घरातली मुले हट्ट धरतात. हाच मासा पुढे सत्तर सेंटिमीटरपर्यंत वाढतो. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला गोल्डन ट्रेव्हली लहानपणी खेळण्यासारखा दिसतो, समुद्रात तो मीटरभराच्याही पुढे जातो. बॅटफिशचे पिल्लू पानासारखे तरंगते आणि मग अर्धा मीटर उंच होते. एम्परर एंजलचे पिल्लू निळे, त्यावर पांढरी वर्तुळे. मोठेपणी अंगावर पिवळे-निळे पट्टे येतात आणि लांबी चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाते. सहा फुटांच्या टाकीत तो आयुष्यभर सुखाने राहणार नाही, त्याला आठ फूट तरी हवेत. काटोलच्या माणसाला हे समजायला जड नाही. संत्र्याचे कलम लावताना ते हातभर असते, तरी आपण सहा बाय सहा मीटरवर खड्डे घेतो, कारण जागा झाडाची धरायची असते, कलमाची नाही. टाकीत मासाही त्याच हिशेबाने धरावा. यादीत प्रत्येक नावापुढे दुकानातली लांबी लिहू नका, पूर्ण वाढीची लिहा.

दुसरा हिशेब स्वभावाचा. गप्पी किंवा मॉली पाळलेल्यांना वाटते, मासे म्हणजे सगळे गुण्यागोविंदाने फिरणारे. प्रवाळखडकावरचा मासा तसा नसतो. त्याची एक कपार असते, शेवाळाचा एक तुकडा असतो, आणि तो त्यांचे रक्षण करतो. समुद्रात हरलेला मासा पळून पुढच्या खडकावर जातो. टाकीत त्याला पुढचा खडकच नाही. जिंकलेला त्याला दिवसभर हाकलत राहतो, तो खाणे सोडतो आणि आठ-दहा दिवसांत मरतो. आपल्याला वाटते, रोगाने गेला.

भांडण बहुतेकदा सारख्याशी होते, आणि निवडीसाठी हे सूत्र फार उपयोगी आहे. स्वतःच्याच जातीचा, त्याच आकाराचा, त्याच रंगाचा, किंवा तेच अन्न खाणारा मासा म्हणजे प्रतिस्पर्धी. चपट्या गोल अंगाच्या दोन सर्जनफिश एकमेकांवर जातील. दोन ड्वार्फ एंजल वेगळ्या रंगांच्या असल्या तरी आकारासाठी भांडतील. तोच सर्जनफिश तळाशी राहणाऱ्या बारक्या गोबीकडे पाहतही नाही. म्हणून साधा नियम असा की एका घराण्यातून एकच मासा घ्यायचा. अपवाद थोडे आहेत, ते पुढे येतील.

यादी करताना मी टाक्यांचे तीन प्रकार मानतो, आणि त्यांची सरमिसळ करू नका असे आग्रहाने सांगतो. पहिली टाकी शांत माशांची, दुसरी अंगापिंडाने मोठ्या आणि थोड्या दांडग्या माशांची, तिसरी शिकाऱ्यांची. ज्यांच्या घरात मुले आणि पाहुणे टाकीसमोर बसणार आहेत आणि ज्यांची ही पहिलीच सागरी टाकी आहे, त्यांनी पहिली निवडावी.

शांत टाकीचा पाया म्हणजे क्लाउनफिश, मुलांच्या भाषेत निमो. २००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' आला आणि हा मासा घराघरांत पोहोचला, पण लोकप्रिय आहे म्हणून तो वाईट असे नाही. ऑसेलॅरिस जातीचा क्लाउन फार तर नऊ-दहा सेंटिमीटर वाढतो, पटकन खायला लागतो आणि माणसाच्या हाती जन्मलेला मिळतो. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मंडपम आणि विळिंजम केंद्रांनी क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवले. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात हॅचरी उभी केली. दुकानदाराला विचारा, मासा हॅचरीचा आहे की समुद्रातून धरलेला? हॅचरीचा मासा टाकीतच जन्मलेला असतो, भुकटीचे खाणे ओळखतो, आणि त्याच्याबरोबर समुद्रातले रोग सहसा येत नाहीत. समुद्रातून धरलेला मासा स्वस्तात मिळाला, तरी तो आपल्याकडे येईपर्यंत चार ठिकाणी उपाशी राहिलेला असतो.

क्लाउनची जोडी लावण्याची रीत आहे. हे सगळे मासे आधी नर होऊ शकतात आणि त्यांच्यातला सर्वांत दांडगा पुढे मादी होतो. म्हणून दोन लहान मासे घ्या, एक मोठा आणि एक त्याच्याहून बराच लहान. मोठा मादी होईल, लहान नर राहील. दोन सारखे मोठे घेतलेत, तर दोन माद्या एका घरात आल्या असे समजा. जोडी जमल्यावर तिसरा क्लाउन आणू नये. मरून क्लाउन दिसायला देखणा, लाल-तपकिरी, पण शांत टाकीत त्याचे काम नाही. घरात क्लाउन आहे म्हणून समुद्रात तो ज्याच्या आसऱ्याने राहतो तो सी ॲनिमोन हवाच असेही नाही. ॲनिमोनला प्रखर दिवे आणि जुनी, स्थिर टाकी लागते, आणि तो मेला तर पाणी नासवतो.

या जोडीबरोबर बंगाई कार्डिनलची एखादी जोडी छान जमते. हा मासा मुळात इंडोनेशियातल्या बंगाई बेटांभोवतीचा, तिथे पकडीमुळे धोक्यात आलेला. हॅचरीचाच घ्यावा. याचा नर पिल्ले तोंडात सांभाळतो, हे पाहायला मिळाले तर मुले टीव्ही विसरतात. तळासाठी एक वॉचमन गोबी आणि तिच्या सोबतीला पिस्टल कोळंबी ठेवा. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बीळ खणते, आणि तिची मिशी सतत गोबीच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवते आणि दोघे आत जातात. मधल्या पाण्यासाठी हिरवे क्रोमिस पाच-सहा घेतात, पण त्यांची संख्या हळूहळू घटते, कमजोराला बाकीचे संपवतात. मी त्यांच्याऐवजी फायरफिश सुचवेन, एक किंवा जमलेली जोडी. मात्र हा मासा घाबरला की टाकीबाहेर उडी घेतो. जाळीचे झाकण नसेल तर तो सकाळी फरशीवर वाळलेला सापडेल. रास जातीच्या माशांचेही तसेच, झाकणाशिवाय ते ठेवू नयेत.

शेवाळ खाण्यासाठी एक फॉक्सफेस घ्या. पिवळाधमक, पंचवीसेक सेंटिमीटरचा, भांडखोर नाही. पण त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात, टाकीत हात घालताना तो कुठे आहे हे पाहूनच घालावा. सर्वांत शेवटी एखादी कोरल ब्युटीसारखी ड्वार्फ एंजल. ही दहा सेंटिमीटरची असून स्वतःला मोठी समजते, म्हणून शेवटी. एवढ्यात शांत टाकीची यादी पुरी होते. दोन क्लाउन, दोन कार्डिनल, एक गोबी, एक-दोन फायरफिश, एक फॉक्सफेस, एक एंजल. सहाशे लिटरला एवढेच का, असे घरचे विचारतील. वर्षभरानंतर विचारणार नाहीत.

निमो घेतला की लगेच डोरीचा प्रश्न येतो. डोरी म्हणजे ब्लू टँग. पूर्ण वाढ तीस सेंटिमीटर, दिवसभर सपाटून पोहणारा, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला पटकन बळी पडणारा. दुकानात तीन इंचांचा असतो म्हणून लोक चार फुटी टाकीत दोन-दोन घालतात. सहा फुटांत एक, तोही टाकी सहा महिने स्थिर चालल्यानंतर, आणि फॉक्सफेसऐवजी घेतलेला बरा, कारण दोघांचे अन्न एकच. पावडर ब्लू टँग याहून देखणा आणि याहून नाजूक. पहिल्या टाकीसाठी तो नको म्हणजे नको.

दुसऱ्या प्रकारची टाकी अंगाने मोठ्या माशांची. इथे हेनिओकस शोभतो, पांढरा-काळा, पाठीवरून लांब पांढरी झुल्पी निघालेला, पंचवीस सेंटिमीटरचा. बटरफ्लायफिशच्या घराण्यात टाकीला मानवणारे जे थोडे आहेत, त्यांतला हा एक. बाकीच्या बटरफ्लायच्या वाटेला जाऊ नका. त्यांतले अनेक जिवंत प्रवाळाचेच तुकडे खातात आणि भुकटीला तोंड लावत नाहीत. मूरिश आयडॉल हेनिओकससारखाच दिसतो, दुकानदारही कधी एकाच्या नावाने दुसरा देतो, पण तो बहुधा उपाशी मरतो. त्याचे तोंड लांब नळीसारखे असते, ते पाहून ओळखा. हेनिओकसबरोबर फॉक्सफेस, एक मून रास आणि सर्वांत शेवटी एक नायजर ट्रिगर अशी चौकडी सहा फुटांत बसते. ट्रिगरमध्ये नायजर हा त्यातल्या त्यात सोज्वळ. पिकासो ट्रिगर घेतल्यास तो खडक उचलून जागा बदलतो, वायर चावतो. क्लाउन ट्रिगर पन्नास सेंटिमीटरचा होतो आणि त्याच्या टाकीत शेवटी तोच उरतो. या दुसऱ्या टाकीत कोळंबी, खेकडा, शंख काही ठेवू नये. ते रास आणि ट्रिगरचे जेवण आहे.

तिसरी टाकी लायन फिशची. लायन फिश भांडत नाही, फक्त गिळतो. त्याच्या तोंडात मावेल ते त्याचे अन्न, आणि त्याचे तोंड वाटते त्याहून मोठे असते. त्याला कार्डिनल किंवा फायरफिशच्या टाकीत सोडले, तर रोज एक मासा कमी होईल. सोबतीला त्याच्याएवढाच, जाड अंगाचा मासा हवा. स्नोफ्लेक ईल ही खेकडे-कोळंबीवर जगणारी छोटी वाम त्याच्याबरोबर चालते, टाकीचे झाकण घट्ट असेल तर. कोकणात गोब्रा म्हणतात त्या ग्रुपरच्या लहान जाती काही जण ठेवतात, पण गोब्राची वाढ थांबत नाही. लायन फिशला जिवंत गप्पी घालण्याची सवय लावू नका, गोड्या पाण्यातले मासे रोज खाऊन त्याचे यकृत बिघडते. बाजारातल्या कोळंबीचे तुकडे चिमट्याने द्या. त्याचा विषारी काटा लागला, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंशांत, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. वेदना भयंकर असते. लहान मुले असलेल्या घरात ही टाकी मी सुचवणार नाही.

काही मासे कुठल्याच यादीत बसत नाहीत, तरी दुकानात हमखास दिसतात. डॅमसेल हा त्यांतला पहिला. डोमिनो आणि काळ्या पट्ट्यांचे डॅमसेल स्वस्त आणि चिवट, म्हणून दुकानदार नव्या टाकीत पाणी तयार करायला तेच सुचवतो. पाणी तयार होते, पण नंतर हा तीन इंचांचा मासा सगळी टाकी आपली समजतो आणि खडक काढल्याशिवाय पकडताही येत नाही. पाणी त्याच्याविना तयार करता येते, म्हणून तो आणूच नका. क्लीनर रास हा दुसरा. इतर माशांच्या अंगावरचे किडे खातो म्हणून विकतात. घरच्या टाकीत तेवढे किडे नसतात, मग तो खंगतो. मँडरीन मासा रंगाने वेड लावतो, पण बारीक जिवंत कवचधारी जीवच खातो. काऊफिश आणि बॉक्सफिश घाबरले किंवा मेले, की अंगातून विष सोडतात, आणि त्या रात्री सगळी टाकी जाऊ शकते.

एक यादी कायद्याचीही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये दगडी प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्री काकड्या आणि महाकाय गोब्रा घालण्यात आले. जिवंत किंवा सुकलेले प्रवाळ शोभेसाठी कोणी देऊ केले, तरी घेऊ नये. समुद्रघोडा विकणाऱ्याकडून दुसरा मासाही घेऊ नये, असे माझे मत आहे. खडकासाठी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात, त्यांवर जिवाणू उत्तम वाढतात. केंद्राने मे २०१७ मध्ये मत्स्यालयांसाठी नियम काढून क्लाउनफिशसह दीडशेहून अधिक जातींच्या विक्रीवर बंदी घातली होती, ती त्याच वर्षी मागे घेतली गेली. अजूनही कोणी तिचा दाखला देतो, म्हणून सांगितले.

आता क्रम. भित्रा आधी, दांडगा शेवटी. जो आधी येतो त्याला टाकी आपली वाटते, म्हणून गोबी, फायरफिश, कार्डिनल यांना आधी कपारी धरू द्याव्यात, मग क्लाउन, मग फॉक्सफेस, आणि एंजल किंवा ट्रिगर सर्वांत मागून. दोन माशांच्या येण्यात तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवा, जिवाणूंना वाढीव अमोनिया पचवायला तेवढा वेळ लागतो. नवा मासा सोडायच्या दिवशी दोन-चार खडक हलवून ठेवले, तर जुन्यांच्या हद्दी विस्कटतात आणि नव्याला जरा अवकाश मिळतो. छिद्रे पाडलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा टाकीत लटकवून नव्याला दोन दिवस त्यात ठेवणे याहूनही चांगले. जुने मासे डब्यावर डोके आपटून थकतात आणि नव्याला पाहण्याची त्यांना सवय होते.

मात्र दुकानातून आणलेला मासा थेट मोठ्या टाकीत जाऊ नये. वेगळी अडीच फुटांची, शंभरेक लिटरची क्वारंटाइन टाकी ठेवा आणि प्रत्येक नवा मासा त्यात चार आठवडे राहू द्या. तिला वाळू नको, खडक नको, एक स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरे. ते तर आपल्याकडे प्रत्येक शेतात पडलेले असतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने रिकामी चालवावी लागते. त्या रोगावरचे तांब्याचे औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही, कोळंबी आणि शंख मरतात, आणि खडकात मुरलेले तांबे नंतर निघत नाही. क्वारंटाइनचा खर्च जास्त वाटतो त्याने हा हिशेब करून पाहावा.

विकत घेताना दुकानदाराला एकच विनंती करा, तुमच्यासमोर मासा खाऊन दाखवू दे. जो दुकानात खात नाही, तो घरीही खाणार नाही. कल्ल्यांची हालचाल संथ हवी, डोळे स्वच्छ, आणि डोक्यामागची पाठ खोलगट नको. पाण्याची घनता विचारा. खर्च वाचवायला आणि रोग दाबायला दुकाने ती १.०१८ ते १.०२० ठेवतात, घरच्या टाकीत ती १.०२३ ते १.०२५ असते. क्वारंटाइनचे पाणी आधीच दुकानाच्या घनतेला आणून ठेवा, मग आठवडाभरात हळूहळू वाढवा. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीत अमोनिया साचलेला असतो. पिशवी बंद असेपर्यंत तो फारसा बाधत नाही, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाण्याचा सामू खाली गेलेला असतो. पिशवी उघडली की सामू वर चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. म्हणून बंद पिशवी पंधरा मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडून मासा लगेच जाळीने उचला आणि क्वारंटाइन टाकीत सोडा. पिशवीचे पाणी फेकून द्या. नागपूरहून दीड तासात आणलेल्या माशाला एवढी घाई नसते, पण सवय हीच ठेवावी. आजाराबाबत शंका असल्यास नागपूरचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय जवळ आहे, तिथे विचारून पाहावे.

शेवटचा मुद्दा उन्हाचा. मुंबईच्या टाकीतली माशांची संख्या इथे जशीच्या तशी उतरवू नये. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि काटोलचा मे महिना काही वेगळा नसतो. समुद्री माशाला २५ ते २७ अंश मानवतात. २५ अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो ६.२ च्या आसपास येतो, आणि मासा मात्र गरमीत जास्त श्वास घेतो. त्यात दुपारी वीज गेली की पंप बंद. कोरड्या हवेत टाकीवर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते, हा विदर्भाच्या उन्हाळ्याचा एवढाच काय तो फायदा. पण खोलीच ३६ अंशांची असेल, तर तेवढ्याने भागत नाही. चिलर हवा, नाहीतर टाकीची खोली एसीची. पंख्याने उडालेल्या पाण्याच्या जागी साधे आरओचे पाणी रोज घाला, मीठ उडत नाही. पाणी फिरवणारे पॉवरहेड आणि एअरपंप इन्व्हर्टरवर असलेच पाहिजेत, दिवे नसले तरी चालतील. एवढी सगळी व्यवस्था असूनही माझ्या मते पुस्तकात दिलेल्या संख्येच्या तीन चतुर्थांशच मासे इथे ठेवावेत.

हिवाळ्याला विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र दहा अंशांखाली जाते, म्हणून एका मोठ्या हीटरऐवजी दोन मध्यम बसवा. एक बिघडला तर दुसरा रात्र निभावून नेईल.

या हवामानात वेळापत्रक आपोआप ठरते. पोळ्याच्या सुमारास टाकीत पाणी भरा, दसरा-दिवाळीपर्यंत ते तयार होईल. पहिला भित्रा मासा नोव्हेंबरच्या सुरुवातीला क्वारंटाइनमध्ये येऊ द्या, शेवटचा दांडगा फेब्रुवारीत. मार्च ते जून एकही नवा मासा आणू नका. दुकानात कितीही चांगला दिसला, आणि यादीत नाव असले, तरी पाऊस पडेपर्यंत थांबा.